सुरुंगानंतरचा सुरुंग

नद्यांमधील वाळूउपसा आटोक्यात आणण्यासाठी कृत्रिम वाळूच्या, म्हणजेच 'एम-सँड'च्या वापराला उत्तेजन देणारे धोरण राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केले. अशी वाळू तयार करणाऱ्या उद्योगांना स्वामित्वधनात सवलत देण्याचे त्यात ठरले. नदीपात्रांची झालेली दुर्दशा पाहता हे धोरण स्वागतार्ह आहे. मात्र कृत्रिम वाळू काही आकाशातून पडत नाही. ती काळ्या पाषाणाचा भुगा करूनच मिळवावी लागते. नदीवरचा भार कमी होईल तेवढा तो डोंगरावर पडेल, आणि डोंगर फोडण्याची पद्धत आजच्यासारखीच राहिली तर त्याचे परिणाम दगडखाणीत राबणाऱ्या मजुरांना व खाणींच्या शेजारी वसलेल्या गावांना भोगावे लागतील.

दगडखाणींविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा तीन मुद्द्यांभोवती फिरते: बेकायदा उत्खनन, बुडालेले स्वामित्वधन आणि रस्त्यांवरून धावणारे भरधाव डंपर. हे तिन्ही मुद्दे महत्त्वाचेच आहेत. परंतु खाणीतील एक रोजचे, वरवर किरकोळ वाटणारे काम या चर्चेत कधीच येत नाही. पहिल्या सुरुंगाने डोंगराचा कडा कोसळल्यानंतर ढिगाऱ्यात जे अवाढव्य दगड उरतात, ते पुन्हा फोडण्याचे हे काम. खाणीचा खर्च, मजुराची सुरक्षितता, शेजाऱ्याची शांतता आणि कायद्याची पळवाट या चारही गोष्टी या एका कामापाशी एकत्र येतात.

'मोठा दगड' म्हणजे किती मोठा?

खाणकामाच्या भाषेत ज्याला 'ओव्हरसाइज' म्हणतात, त्याचे कोणतेही सार्वत्रिक माप नाही. पुढच्या यंत्राला जो दगड पेलत नाही, तो मोठा. राज्यातील अनेक मध्यम आकाराच्या खडी केंद्रांत ३६ बाय २४ इंच तोंडाचा 'जॉ क्रशर' असतो. त्याच्या जबड्याची रुंदी २४ इंच असली, तरी तोंडात सहज जाणारा दगड तिच्या सुमारे ८० टक्के मापाचा, म्हणजे १९-२० इंचांचा असावा लागतो. त्याहून मोठा दगड जबड्यात अडकतो आणि अख्खे केंद्र ठप्प होते. घट्ट बेसाल्टच्या एक घनमीटर दगडाचे वजन पावणेतीन ते तीन टन भरते. असा दगड पोकलेनच्या बकेटमध्ये नीट बसत नाही, डंपरच्या हौद्यात टाकला तर हौदा पिचतो, आणि क्रशरमध्ये तर तो जातच नाही. तो खाणीतच पुन्हा फोडण्यावाचून गत्यंतर नसते.

महाराष्ट्राच्या भूभागापैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या पठारी बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. हे सारे थर एकसारखे नाहीत. काही अत्यंत घट्ट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, तर दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातकट खडकाचा पट्टा. घट्ट थरालाही थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा असतात आणि त्यांतून सुटणारे चिरे कित्येकदा मुळातच प्रचंड असतात. सुरुंगाचा दाब नेहमी सोपी वाट शोधतो. मऊ पट्टा किंवा उघडी भेग सापडली की स्फोटातून निर्माण झालेला वायू तेथून निसटतो आणि शेजारचा घट्ट चिरा न फुटता नुसता ढिला होऊन खाली येतो.

दोष केवळ निसर्गाचा नाही

तथापि, सारा दोष भूशास्त्राच्या माथी मारता येणार नाही. मोठे दगड किती निघणार, हे बऱ्याच अंशी पहिल्या सुरुंगाच्या आखणीवर ठरते. समजा, सहा मीटर उंचीच्या कड्यात सुरुंगाची भोके पाडली. स्फोटाचा जोर तोंडातून वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकाचा वरचा दोन-अडीच मीटर भाग स्फोटकांविना ठेवून खडीच्या चुऱ्याने ठासून बंद करावा लागतो. याचाच अर्थ, कड्याच्या वरच्या सुमारे एक तृतीयांश भागात स्फोटके नसतातच. तेथील खडक खालच्या स्फोटाच्या धक्क्याने जेवढा फुटेल तेवढा फुटतो. सर्वाधिक मोठे दगड निघतात ते याच भागातून.

दुसरा स्रोत म्हणजे कड्याची दर्शनी बाजू. आधीच्या सुरुंगाने मागचा खडक खिळखिळा झालेला असतो. नव्या सुरुंगाच्या पहिल्या रांगेसमोर असा अर्धवट सुटलेला खडक असला, तर तो फुटण्याऐवजी नुसता ढकलला जातो. तिसरे कारण भोकांमधील अंतर. भोक कड्यापासून फार आत पाडले किंवा दोन भोकांत जास्त अंतर ठेवले, तर खर्च वाचल्याचा भास होतो. पण मधला खडक स्फोटाच्या टप्प्याबाहेर राहतो. हाती धरलेल्या जॅकहॅमरने, नजरेच्या अंदाजाने पाडलेली भोके तिरकी गेली, तर वर समान दिसणारे अंतर खाली विस्कटते. त्यात भोके एकाच वेळी न उडवता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवण्याचे तंत्र टाळले गेले, की दगडांचे आकार आणखी बिघडतात.

थोडक्यात, ढिगाऱ्यातला प्रत्येक मोठा दगड हा पहिल्या टप्प्यात वाचवलेल्या पैशांची पुढच्या टप्प्यात द्यावी लागणारी किंमत असतो. मोठ्या खाण कंपन्यांनी हा हिशेब फार पूर्वीच मांडला आहे. पहिल्या सुरुंगावर थोडा अधिक खर्च केला, तर भरणे, वाहणे, दुय्यम फोडणी आणि क्रशरची वीज या सर्वांत मिळून त्याहून अधिक बचत होते, असे तो सांगतो. छोट्या खाणपट्ट्यांत मात्र हा हिशेब मांडला जात नाही, कारण तो मांडणारा माणूसच नसतो. भोके पाडणारा ठेकेदार वेगळा, सुरुंग लावणारा वेगळा, पोकलेन भाड्याची, क्रशर तिसऱ्याच्याच मालकीचा. भोके पाडणाऱ्याला पैसे फुटांवर मिळतात. दगड कसा फुटला याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

फोडण्याचे चार मार्ग

मोठा दगड फोडण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे घण, छिन्नी आणि पहार. दगडाची 'नस' ओळखून ओळीने छिन्न्या ठोकायच्या आणि सुतकीच्या घावांनी तो दुभंगायचा, हे कसब महाराष्ट्रात वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. या मार्गात ना स्फोट, ना भूकंपासारखा हादरा. परंतु यंत्रांच्या वेगापुढे तो टिकणे शक्य नव्हते, आणि उन्हातान्हात छिलके उडणाऱ्या दगडाशी झुंजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची व फुप्फुसांची त्यात मोजावी लागणारी किंमतही थोडी नव्हती.

दुसरा मार्ग म्हणजे दुय्यम सुरुंग. त्याचे दोन प्रकार. एकात दगडाच्या मध्यापर्यंत छोटे भोक पाडून त्यात अल्प स्फोटके भरतात, तोंड ठासून बंद करतात आणि दगड उडवतात. दुसऱ्यात भोक पाडण्याचेही श्रम घेतले जात नाहीत. दगडाच्या पाठीवरच स्फोटके ठेवून वर ओल्या मातीचा जाड लिंपा दिला जातो. इंग्रजीत याला 'प्लास्टर शूटिंग' म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात तेवढ्याच दगडासाठी कित्येक पट अधिक स्फोटके लागतात, कारण त्यांची बहुतांश शक्ती दगडात न शिरता हवेत जाते. कानठळ्या बसवणारा आवाज आणि खिडक्यांची तावदाने हलवणारी हवेची लाट निर्माण होते ती त्यातूनच.

तिसरा मार्ग म्हणजे पोकलेनच्या हाताला बसवलेला हायड्रॉलिक ब्रेकर. जाड पोलादी छिन्नी सेकंदाला कित्येक घाव घालून दगडाला तडे पाडते. येथेही कसब लागतेच. दगडाच्या मधोमध छिन्नी रोवून बसणारा चालक छिन्नी आणि डिझेल दोन्ही वाया घालवतो. कसलेला चालक कडेपासून सुरुवात करतो, भेगेवर घाव घालतो आणि काही सेकंदांत तडा गेला नाही तर जागा बदलतो. चौथा मार्ग अगदी साधा. क्रेनने काही टन वजनाचा पोलादी गोळा उचलून दगडावर सोडून द्यायचा. याशिवाय भोकात भरल्यावर फुगून दगडाला तडा देणारी रासायनिक पूड मिळते. ती स्फोटक नाही, आवाजही करत नाही. मात्र तिला परिणामासाठी कित्येक तास लागतात आणि ती महागही पडते. म्हणून भर वस्तीतील बांधकामापुरतीच ती परवडते.

छोटा स्फोट, मोठा धोका

दुय्यम सुरुंगात स्फोटके थोडी वापरली जातात, म्हणून तो कमी धोक्याचा, असा समज खाणींमध्ये सर्रास आढळतो. वस्तुस्थिती उलटी आहे. पहिल्या सुरुंगात खडक तीन बाजूंनी डोंगराला जखडलेला असतो. तो कोणत्या दिशेला कोसळणार, याचा अंदाज बांधता येतो. सुटा दगड मात्र सर्व बाजूंनी मोकळा असतो. त्यात कोठे भेग दडली आहे, हे बाहेरून दिसत नाही. स्फोटके किंचित जास्त झाली किंवा भोक मध्यापासून सरकले, की तुकडे कोणत्याही दिशेला, अनपेक्षित अंतरावर भिरकावले जातात. म्हणूनच दगड उडण्याच्या धोक्याचा विचार करताना दुय्यम सुरुंगाकडे विशेष लक्ष द्यावे, असे खाण सुरक्षेचे शास्त्र सांगते. देशात सुरुंगाच्या वेळी ५०० मीटरचा परिघ धोक्याचा मानून तो रिकामा करण्याची शिस्त अपेक्षित आहे. दिवसातून एकदा होणाऱ्या मोठ्या सुरुंगासाठी भोंगा वाजतो, लाल झेंडे लागतात, रस्ता अडवला जातो. दुपारी चार दगड उडवायचे असतील, तर तीच शिस्त तेवढ्या काटेकोरपणे पाळली जाईल, याची हमी काय?

दुसरा धोका याहून सुप्त. पहिल्या सुरुंगात एखादे भोक फसले, तर न फुटलेली स्फोटके ढिगाऱ्यातील दगडात तशीच राहतात. अशा दगडावर जॅकहॅमर लावला किंवा ब्रेकरची छिन्नी रोवली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणजे सुरुंगाऐवजी ब्रेकर वापरला की सारे धोके संपले, असेही नाही. प्रत्येक मोठ्या सुरुंगानंतर ढिगाऱ्याची डोळसपणे तपासणी झाल्याशिवाय कोणत्याच पद्धतीने दगडाला हात लावणे शहाणपणाचे नाही.

तिसरा धोका क्रशरच्या तोंडाशी. मोठा दगड नजरचुकीने आत गेला आणि जबड्यात अडकला, की तो काढण्यासाठी पहार घेतलेला मजूर वर चढतो. जबड्यात दाबला गेलेला दगड कधी उसळेल, याचा नेम नसतो. सुस्थितीतील केंद्रांत यासाठी क्रशरजवळ पक्क्या पायावर बसवलेला छोटा ब्रेकर असतो आणि कोणीही आत न उतरता अडकलेला दगड फोडता येतो. मात्र त्याचा खर्च हा उत्पादनावरचा खर्च न मानता 'वरकड' मानला जातो.

साठ्याचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत दक्षिण भारतात दगडखाणींशी निगडित स्फोटांची मालिकाच घडली. २१ जानेवारी २०२१ रोजी कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ हुणसोडू येथे क्रशरच्या आवारात स्फोटकांनी भरलेल्या वाहनाचा स्फोट झाला. त्याचा हादरा इतक्या दूरवर जाणवला की अनेकांना तो भूकंपच वाटला. पुढच्याच महिन्यात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात जिलेटिनच्या कांड्यांची विल्हेवाट लावताना सहा जणांचा बळी गेला. मे २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातील कडपा जिल्ह्यात मामिळ्ळपल्लेच्या खाणीवर स्फोटके उतरवताना १० जण मृत्युमुखी पडले. तामिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यात करियापट्टीजवळ १ मे २०२४ रोजी खाणीच्या स्फोटक साठ्यात झालेल्या स्फोटाने तिघांचे प्राण घेतले.

या दुर्घटना दगड फोडताना घडलेल्या नाहीत, त्या स्फोटकांच्या वाहतुकीत, हाताळणीत किंवा साठवणुकीत घडल्या, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु दुय्यम सुरुंगाशी साठ्याच्या प्रश्नाचा संबंध आहेच. आठ-पंधरा दिवसांतून एकदा मोठा सुरुंग लावायचा असेल, तर परवानाधारक पुरवठादाराचे वाहन ठरल्या वेळी येऊ शकते आणि उरलेला माल त्याच दिवशी परत नेऊ शकते. रोज पाच-दहा दगड उडवायचे असतील, तर हाताशी थोडा तरी साठा लागतोच. मग तो कधी पत्र्याच्या खोलीत, कधी मजुरांच्या झोपडीलगत ठेवला जाण्याचा मोह होतो. दुय्यम सुरुंगाची गरज जेवढी कमी, तेवढा हा मोह कमी.

वृत्तांमध्ये ज्यांना आजही 'जिलेटिन' म्हटले जाते, ती नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटके भारतात २००४ मध्येच बंद झाली. आज वापरात असलेल्या स्लरी व इमल्शन कांड्या धक्क्याला त्यामानाने कमी संवेदनशील आहेत. डिटोनेटर मात्र आजही तितकाच नाजूक असतो. विद्युत डिटोनेटर चुकून किंवा भटक्या विद्युतप्रवाहाने उडण्याचा धोका आणि त्यांचा समाजविघातक वापर लक्षात घेऊन केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्यावर बंदी आणली. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर अधिक सुरक्षित व अचूक आहेत, पण ते महाग आहेत आणि उडवण्यासाठी स्वतंत्र उपकरण लागते. एका दगडासाठी एक इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर खर्ची घालणे छोट्या खाणमालकाला परवडणारे नाही. या बंदीमुळे दुय्यम सुरुंगाचे अर्थकारण बदलू लागले, तर ते इष्टच होय. धोका आहे तो परवडत नाही म्हणून साध्या वातीच्या डिटोनेटरकडे किंवा चोरट्या मालाकडे वळण्याचा.

कायद्याचा उंबरठा

१९५२ च्या खाण कायद्याने मुरूम, खडी, बांधकामाचा दगड यांसारख्या गौण खनिजांच्या छोट्या उघड्या खाणींना बहुतांश तरतुदींतून सूट दिली होती. ही सूट सशर्त होती. खाणीची खोली कोठेही सहा मीटरहून अधिक नको, कोणत्याही दिवशी ५० हून अधिक माणसे कामावर नकोत आणि तिसरी अट म्हणजे स्फोटकांचा वापर नको. या तिसऱ्या अटीचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. सुरुंग डोंगराला लावला की सुट्या दगडाला, असा भेद कायद्याने केलेला नव्हता. एका मोठ्या दगडावर मातीचा लिंपा देऊन उडवलेली एक कांडीसुद्धा त्या खाणीला सुरक्षा नियमांच्या पूर्ण चौकटीत आणते. त्यात मग पात्र व्यवस्थापक, प्रशिक्षित सुरुंगवाला, मजुरांची वैद्यकीय तपासणी, अपघाताची सूचना असे सारेच आले. प्रत्यक्षात किती खाणी स्वतःला 'खाण' म्हणवून घेतात आणि किती नुसत्याच 'क्रशरला दगड पुरवणाऱ्या जागा' राहतात, हे जिल्ह्याजिल्ह्यांत उघड गुपित आहे.

१९५२ चा हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली आहे. संहिता नवी असली तरी प्रश्न जुनाच आहे. केंद्राची खाण सुरक्षा यंत्रणा, स्फोटकांचे परवाने देणारी यंत्रणा, राज्याचा महसूल विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि स्थानिक पोलीस असे पाच जण एकाच खाणीकडे पाच खिडक्यांतून पाहतात. महसूल विभागाला ब्रास मोजायचे असतात, प्रदूषण मंडळाला धूळ, पोलिसांना स्फोटकांचा हिशेब. ढिगाऱ्यातला दगड कसा फोडला जातो, हे पाहणारी खिडकी कोणाचीच नाही.

पर्यावरणाच्या अंगाने चित्र थोडे पुढे सरकले आहे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिलेल्या आदेशामुळे पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली. केरळमधील दगडखाणींच्या वादात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या शिफारशीचा आधार घेत सुरुंग वापरणाऱ्या खाणींसाठी वस्तीपासून किमान २०० मीटर आणि सुरुंग न वापरणाऱ्यांसाठी १०० मीटर अंतराचा निकष लावला. पुढे तो वाद वरच्या न्यायालयांपर्यंत गेला. न्यायालयीन निष्पत्ती काहीही असो, दगड कशाने फोडता यावर वस्तीपासूनचे अंतर ठरावे, हे तत्त्व त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आले.

हादरा, आवाज आणि शेजारी

खाणीलगतच्या गावकऱ्यांची तक्रार बहुधा भिंतींना गेलेल्या तड्यांची असते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार, साध्या विटा-सिमेंटच्या घरांपाशी जमिनीच्या कंपनाचा वेग वारंवारतेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर या मर्यादेत राहायला हवा. येथे एक बारकावा आहे. सुटा दगड जमिनीला जखडलेला नसल्याने दुय्यम सुरुंगाचा हादरा जमिनीतून फारसा जात नाही. त्याचा त्रास हवेतून येतो. कंपनमापकावर सारे मर्यादेत दिसते आणि तरीही घरातली भांडी खणखणतात, तान्ही मुले दचकून उठतात. अधिकारी 'मर्यादेत' म्हणतात, गावकरी 'खोटे' म्हणतात, आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. जमिनीच्या कंपनाबरोबर हवेच्या लाटेचीही नोंद ठेवणे सक्तीचे झाल्याशिवाय हा विसंवाद मिटणार नाही.

ब्रेकरच्या बाजूनेही सारे आलबेल नाही. सुरुंगाचा आवाज क्षणाचा, ब्रेकरचा दिवसभराचा. पुण्या-मुंबईतील ज्या गृहसंकुलांशेजारी पायाचे खोदकाम चालते, तेथील रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. डिझेलचा धूर, अखंड ठोके आणि धूळ यांचा त्रास मजुरालाही होतोच. पाण्याचा फवारा, कामाच्या वेळेचे बंधन आणि चालकाच्या कानांना संरक्षण या साध्या उपायांनी तो पुष्कळ कमी करता येतो. बेसाल्टमध्ये ग्रॅनाइट किंवा वालुकाश्माच्या तुलनेत मुक्त सिलिका बरीच कमी असते, त्यामुळे सिलिकोसिसचा धोकाही त्या मानाने कमी राहतो. 'कमी' म्हणजे 'नाही' असे मात्र नव्हे.

हातांचे काय?

यंत्राकडे वळण्याचा सल्ला देताना ज्यांच्या हातातून घण जाणार आहे, त्यांचा विचार क्वचितच होतो. विमुक्त जातींच्या यादीत असलेल्या वडार समाजातील असंख्य कुटुंबे आणि परप्रांतांतून आलेले मजूर आजही खाणींवर अवलंबून आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींच्या परिसरात 'संतुलन' संस्थेने खाण कामगारांच्या मुलांसाठी 'पाषाण शाळा' सुरू केल्या. समाजाने उभ्या केलेल्या शहरांनी ज्यांच्या मुलांना शाळा दिली नव्हती, त्यांच्यासाठी खाणीतच शाळा न्यावी लागली, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. दगडाची नस ओळखणारा माणूस ब्रेकरचा उत्तम चालक होऊ शकतो, कारण छिन्नी कोठे रोवायची हे ज्ञान दोन्हीकडे एकच आहे. कौशल्य प्रशिक्षणाच्या सरकारी योजनांत हा दुवा जोडणे अवघड नाही. तो जोडला गेला नाही, तर यंत्र आणि चालक दोन्ही बाहेरून येतील आणि घण टाकून बसलेला मजूर केवळ हमालीपुरता उरेल.

उत्तर फोडण्यात की न फोडण्यात?

या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे मोठे दगड मुळात कमी निर्माण करणे. खडकाच्या भेगांची दिशा पाहून भोकांची आखणी, भोकांच्या खोलीची व सरळपणाची तपासणी, योग्य ठासणी आणि मिलिसेकंदांच्या अंतराने स्फोट यात कोणतेही गूढ तंत्रज्ञान नाही. लहान खाणपट्ट्यांना स्वतंत्रपणे सुरुंगतज्ज्ञ ठेवणे परवडत नसेल, तर एका परिसरातील आठ-दहा पट्ट्यांनी मिळून तो नेमावा. साखर कारखाने आणि दूध संघ उभारणाऱ्या राज्याला सहकार शिकवण्याची गरज नाही. ब्रेकरही असाच सामायिक ठेवता येईल.

दुसरे उत्तर त्याहून सोपे. प्रत्येक मोठा दगड फोडलाच पाहिजे, असे नाही. क्रशरला नकोसा असलेला हाच दगड समुद्राला हवा असतो. कोकणातील धूपप्रतिबंधक बंधारे, बंदरांच्या लाटारोधक भिंती, घाटातील आधारभिंती यांना मोठेच दगड लागतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. अशा बंदराच्या लाटारोधक भिंतींसाठी लागणारा दगड पाहता, एकीकडे मोठे दगड स्फोटकांनी फोडायचे आणि दुसरीकडे मोठ्या दगडांसाठी नवे डोंगर पोखरायचे, हा उफराटा व्यवहार टाळता येण्याजोगा आहे. अर्थात वाहतुकीचे अंतर आड येते, आणि पोकळ्यांनी भरलेला बेसाल्ट लाटांपुढे टिकत नाही. सर्वच खाणींना हा मार्ग खुला नाही. पण जेथे तो आहे तेथे दगड वर्गवारी करून वेगळे ठेवण्याला प्रोत्साहन देणे शासनाच्या हाती आहे.

तिसरे उत्तर नियमनाचे. कृत्रिम वाळूच्या उद्योगांना सरकार स्वामित्वधनात सवलत देणारच आहे, तर ती बिनशर्त का द्यावी? मातीचा लिंपा देऊन दगड उडवण्याची पद्धत पूर्ण बंद करणे, वस्तीनजीक दुय्यम सुरुंगाऐवजी ब्रेकर सक्तीचा करणे, प्रत्येक सुरुंगानंतर निघालेल्या मोठ्या दगडांची नोंद ठेवणे आणि क्रशरच्या तोंडाशी माणूस उतरवण्यास मनाई करणे, या चार अटी सवलतीला जोडता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. खाणपट्ट्याच्या करारात चार ओळी वाढवल्या तरी पुरे. मोठ्या दगडांची नोंद हा त्यातील कळीचा मुद्दा, कारण एखाद्या खाणीत सुरुंगाचे काम किती शिस्तीने चालते, हे जाणून घेण्याचे त्याहून स्वस्त परिमाण दुसरे नाही. ज्या ढिगाऱ्यात मोठे दगड फार, तेथे आखणी ढिसाळ. आणि जेथे आखणी ढिसाळ, तेथे पुढचा अपघात केवळ वेळेचा प्रश्न.

शहरांना रस्ते हवेत, मेट्रो हवी, विमानतळ हवेत. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावूनच सपाट करावी लागली. २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही दगडावरच उभा आहे. दगड फोडल्यावाचून हे काहीच होणार नाही, हे मान्यच करायला हवे. वाद दगड फोडावा की नाही, हा नाहीच. तो किती विचाराने फोडावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, एवढाच आहे. आजवर ती मजूर आणि शेजारच्या गावांनी मोजली. ती खडीच्या दरात ब्रासमागे काही रुपयांनी वाढून आली आणि सदनिका घेणाऱ्याने मोजली, तर त्यात अन्याय होणार नाही.